‘नाइटमेअर’ शब्दातील घोडी : एका उत्तरपदाचा विचार

‘नाइटमेअर’ या इंग्रजी शब्दाची व्युत्पत्ती देताना बहुतेक कोशकार एक इशारा न विसरता देतात. या समासाचे उत्तरपद जे ‘मेअर’, त्याचा घोडी या अर्थाच्या ‘मेअर’ शब्दाशी संबंध नाही, असा तो इशारा आहे. तो बिनचूक आहे यात शंका नाही. परंतु तो देऊन कोशकार थांबतो, आणि शब्दाचा सारा इतिहास आपल्या हाती आला अशी वाचकाची समजूत होते. वस्तुतः येथे दोन प्रश्न आहेत. शब्द कोठून आला हा एक. आणि तो वापरणाऱ्यांनी निरनिराळ्या काळी त्यात काय ऐकले हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्यासाठी वापरले म्हणजे जुन्या वाङ्मयाचा अर्थ लावताना घोटाळे होतात. दुसऱ्याचे उत्तर पहिल्यावर लादले म्हणजे व्युत्पत्तीच्या नावाखाली कल्पनाविलास सुरू होतो. या शब्दाच्या वाट्याला दोन्ही आले आहेत, आणि म्हणूनच त्याची तपासणी भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याइतकीच वाङ्मयाच्या विद्यार्थ्यालाही उपयोगी पडणारी आहे.

प्राचीन इंग्रजीत ‘मारे’ किंवा ‘मॅरे’ असा एक स्वतंत्र स्त्रीलिंगी शब्द होता. इ. स. ७०० च्या सुमारास तयार झालेल्या लॅटिन-इंग्रजी शब्दसूचींत तो ‘इन्क्युबा’ या लॅटिन शब्दासमोर मांडलेला आढळतो. ‘इन्क्युबा’ म्हणजे अंगावर पडून राहणारी. निजलेल्या माणसाच्या छातीवर येऊन बसणारी, त्याचा श्वास कोंडणारी, त्याला हातपाय हलवू न देणारी अशी ही अमानुष स्त्री होय. १० व्या शतकातील ‘बाल्ड्स लीचबुक’ या वैद्यकग्रंथात तिच्यावर तोडगाही आहे : मारे माणसावर स्वार झाली तर लसूण, धूप व काही औषधी वनस्पती कातड्यात बांधून त्याच्या अंगावर घालाव्यात. येथे योजलेले क्रियापद लक्षात ठेवण्याजोगे आहे. ते ‘स्वार होणे’ असे आहे. मारे ही स्वार आहे आणि माणूस हे तिचे वाहन आहे.

स्कँडिनेव्हियन परंपरेत हीच ‘मारा’. १३ व्या शतकात आइसलंडच्या स्नोरी स्टुर्लुसनने लिहिलेल्या ‘इंग्लिंगा सागा’त वानलांदी नावाच्या राजाची कथा येते. बायकोला तीन वर्षांत परत येण्याचे वचन देऊन गेलेला हा राजा दहा वर्षे झाली तरी परतला नाही, तेव्हा तिने हुल्ड नावाच्या चेटकिणीला द्रव्य देऊन वश केले. राजाला अवेळी झोप येऊ लागली. ‘मारा’ आपल्याला तुडविते आहे असे तो ओरडला. सेवकांनी डोके धरावे तर ती पाय मोडू पाही, पाय धरावेत तर डोके दाबी; अखेर त्यातच तो मेला. येथे स्वारीऐवजी तुडविण्याची कल्पना आहे. फ्रेंच भाषेतील ‘कोशमार’ या शब्दाचे पूर्वपद तुडविणे, दाबणे या अर्थाच्या जुन्या क्रियापदाचे असून उत्तरपद हीच जर्मानिक ‘मारे’ आहे. पोलिश ‘झ्मोरा’, चेक ‘मूरा’, सर्बो-क्रोएशियन ‘मोरा’ हे शब्दही याच परिवारात मोजले जातात. तेव्हा हा शब्द इंग्रजांच्या घरचा अपवाद नसून उत्तर व पूर्व युरोपच्या मोठ्या टापूत पसरलेल्या एका समजुतीचे ते नाव आहे.

घोडीवाचक ‘मेअर’चे कुळ निराळे. प्राचीन इंग्रजीत घोड्याला ‘मेआर्ह’ असा शब्द होता आणि त्याच्या स्त्रीलिंगी रूपापासून आजची ‘मेअर’ आली. वेल्श ‘मार्ख’, आयरिश ‘मार्क’ हे घोडावाचक शब्द याचे सगोत्र. जर्मन घराण्यातील ‘मार्शल’ हा आज सेनापतीला शोभणारा शब्द मुळात ‘घोड्यांचा चाकर’ असा समास आहे, आणि त्याच्या पूर्वपदात हाच घोडा लपला आहे. मुळात या शब्दात ‘ह’चा एक ध्वनी होता, राक्षसीवाचक शब्दात तो नव्हता. एवढ्या एका ध्वनीवरून दोन्ही कुळे निर्विवाद वेगळी करता येतात. पुढे मात्र तो ध्वनी लोपला, मध्ययुगीन इंग्रजीत स्वरांची उलथापालथ झाली आणि निरनिराळ्या वाटांनी आलेले दोन शब्द उच्चारात एकमेकांवर येऊन पडले. जर्मनमध्ये ‘मार’ आणि ‘मेअरं’ असा स्वरभेद अजून टिकून आहे; जुन्या नॉर्समध्येही ‘मारा’ आणि ‘मेर्र’ हे शब्द निराळेच होते. जे या भाषांत घडले नाही ते इंग्रजीत घडले.

‘नाइटमेअर’ हा समास इ. स. १३०० च्या सुमारास प्रथम आढळतो. आपल्या व्याकरणाच्या परिभाषेत तो तत्पुरुष म्हणावा लागेल : रात्रीची मारे. एकटा ‘मारे’ शब्द त्यावेळी भाषेत जिवंत होता, आणि मारे रात्रीच येते हे सर्वांना ठाऊक होते. मग पूर्वपदाची गरज का पडली? ध्वनिसाम्याने जवळ येऊ लागलेल्या घोडीपासून तिला निराळे दाखविण्याची निकड हे त्याचे एक कारण असू शकेल. तसे असेल तर समासाने आपले काम अर्धेच केले. रात्र जोडल्याने राक्षसी ओळखू येऊ लागली हे खरे. पण पुढे एकटा ‘मारे’ शब्द व्यवहारातून उठला, आणि समासाच्या आत राहिलेले त्याचे रूप पोरके झाले. भाषेत ‘मेअर’ म्हणजे फक्त घोडी एवढेच उरले.

अशा पोरक्या पदाचे काय होते हे इंग्रजीतील ‘ब्राइडग्रूम’ या शब्दावरून चांगले कळते. त्याचे मूळ उत्तरपद ‘गुमा’, म्हणजे पुरुष. लॅटिन ‘होमो’चा तो भाऊबंद. ‘गुमा’ भाषेतून गेला, उत्तरपद अर्थशून्य झाले आणि १६ व्या शतकात त्याच्या जागी ‘ग्रूम’, म्हणजे पोरगा, चाकर, हा ओळखीचा शब्द येऊन बसला. जर्मन ‘ब्रॉयटिगाम’मध्ये जुना अवशेष अद्याप दिसतो. मराठीतून इंग्रजीत गेलेल्या मुंगसाची गतही थोडीफार अशीच झाली. ‘मुंगूस’चे ‘माँगूस’ होताच त्याच्या शेवटी इंग्रजी कानाला ‘गूस’, म्हणजे हंसजातीय पक्षी, ऐकू येऊ लागला आणि अनेकवचन ‘माँगूसेस’ करावे की ‘माँगीस’, अशी विनाकारण पंचाईत उभी राहिली. यालाच लोकव्युत्पत्ती म्हणतात. मात्र ‘ब्राइडग्रूम’मध्ये शब्दाचे रूपच पालटल्यामुळे लोकव्युत्पत्तीचा पुरावा डोळ्यांसमोर राहतो. ‘नाइटमेअर’मध्ये तशी सोय नाही, कारण दोन्ही ‘मेअर’ आधीच एकरूप झाले होते. घोडी आत शिरली तरी शब्दाच्या अंगावर खूण उमटणार नव्हती.

शेजारच्या डच भाषेत ती खूण उमटली आहे. तेथे मूळ ‘नाख्तमारे’चे ‘नाख्तमेरी’ झाले, आणि ‘मेरी’ म्हणजे डच भाषेत घोडीच. डच कोशकाराला घोडी शब्दाबाहेर हाकलता येत नाही; ती भाषिकांनी चुकून आत आणली असे म्हटले तरी आता ती आत आहे, हे त्याला नोंदवावेच लागते. इंग्रज कोशकार केवळ एका योगायोगामुळे या जबाबदारीतून सुटला आहे.

घोडी मुळातच होती असे सिद्ध करू पाहणारा दुसरा पक्षही आहे. फ्रॉइडचा चरित्रकार अर्नेस्ट जोन्स याने १९३१ साली ‘ऑन द नाइटमेअर’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा शेवटचा भाग घोडी व मारा यांच्या संबंधाला वाहिलेला असून तो व्युत्पत्तिशास्त्राला मनोविश्लेषणाने दिलेला हातभार आहे, असे त्याच्या उपशीर्षकातच म्हटले आहे. दोन्ही शब्द इतिहासदृष्ट्या निराळे आहेत हे जोन्सला माहीत आहे. परंतु त्यांची गाठ पडली ती निव्वळ ध्वनीच्या अपघाताने, हे त्याला मान्य नाही. घोडा आणि रात्रीची राक्षसी यांचा लोककथांतील जुना संबंध तो परिश्रमाने गोळा करतो, आणि तेथपर्यंत त्याचे विवेचन मोलाचे आहे. तेथून पुढे तो म-र या व्यंजनद्वयाच्या मागे लागतो आणि त्यात चिरडणे, मरण, स्वारी अशा अनेक कल्पनांचे समान बीज शोधतो. तेथे मात्र त्याचा पाय घसरतो. दोन व्यंजने एवढेच साम्य पुरेसे मानले तर मराठीतील मरण, मोर, मिरची आणि मेरू यांनाही एका पंक्तीला बसवावे लागेल. मनातील साहचर्य हा शब्द एकमेकांजवळ का आले याचा पुरावा होऊ शकतो. ते एका पोटचे आहेत याचा नाही.

भारतीय वाचकाला येथे यास्काची आठवण होणे स्वाभाविक आहे. व्याकरणाचा नियम लागू पडत नसेल तर अर्थावर दृष्टी ठेवून, अक्षराच्या वा वर्णाच्या साम्यावरूनही निर्वचन करावे, पण निर्वचन केल्याशिवाय राहू नये, असा दंडक निरुक्तात घातलेला आहे. जोन्सची रीत याच जातीची वाटते. मात्र यास्कापुढे काम होते ते मंत्रातील शब्दाचा अर्थ उलगडण्याचे. एका शब्दाची दोन-तीन निर्वचने शेजारी शेजारी ठेवताना त्याला अडचण वाटत नाही, कारण तो शब्दाचा जन्मवृत्तान्त सांगत नसून त्याची अर्थव्याप्ती सांगत आहे. जोन्स तीच सामग्री इतिहास म्हणून पुढे करतो, म्हणून त्याला इतिहासाची कसोटी लावणे भाग पडते.

याच संदर्भात संस्कृत ‘मार’ शब्दाचाही उल्लेख केला पाहिजे. तपाला बसलेल्या बुद्धाला छळणारा मार आणि झोपलेल्याला छळणारी मारा यांचे साम्य इतके मोहक आहे की ते पाहून थांबणे कठीण. मात्र संस्कृत ‘मार’मधील दीर्घ ‘आ’ हा ‘मृ’ धातूच्या ‘मारयति’ या प्रयोजक रूपाच्या घडणीतला, भारतीय भूमीवरचा आहे. जर्मानिक ‘मारा’तील स्वर मुळात ऱ्हस्व असून तो जुन्या ‘ओ’पासून आलेला आहे, आणि स्लाव्ह ‘मोरा’त तो ‘ओ’ स्पष्ट दिसतो. जर्मानिक शब्दाच्या मुळाशी घासणे, चिरडणे या अर्थाचा धातू असावा असे मत आहे. ते स्वीकारले तर संस्कृत ‘मृणाति’, म्हणजे चिरडतो, हे क्रियापद त्याचे दूरचे नातेवाईक ठरेल. पण ही सोयरीक धातूच्या पातळीवरची झाली. ‘मार’ आणि ‘मारा’ हे दोन शब्द आपापल्या घरी स्वतंत्रपणे घडले आहेत, आणि देवनागरीत लिहिताना ते अधिकच सारखे दिसतात हा लिपीचा गुण आहे.

घोडीचा प्रवेश केव्हा व कसा झाला, हा प्रश्न यानंतरही उरतोच. त्याचे उत्तर कोशांत मिळत नाही, ग्रंथांत मिळते. घोडा या समजुतीत ध्वनिसाम्यापूर्वीच हजर होता. केवळ त्याची जागा वेगळी होती. लीचबुकातील स्वार होणारी मारे वर आलीच आहे. इ. स. १००० च्या सुमाराच्या ‘लाक्नुंगा’ या दुसऱ्या वैद्यकसंग्रहात एक मंत्र आहे. त्यात एक विचित्र प्राणी रोग्याजवळ येतो, तू माझा घोडा आहेस असे त्याला म्हणतो आणि त्याच्या मानेवर लगाम टाकतो. येथे ‘मारे’ हा शब्दही नाही, म्हणजे श्लेषाचा प्रश्नच उद्भवत नाही. तरीही रोगी हा घोडा आहे. नॉर्वेजियनमध्ये दुःस्वप्नाला ‘मारेरित’, मारेची स्वारी, म्हणतात, आणि तेथे राक्षसी व घोडी यांची नावे कधी एक झालीच नाहीत. खरीखुरी घोडीही या स्वारीतून सुटत नसत. पहाटे तबेल्यातील जनावर घामाने निथळलेले दिसले म्हणजे रात्री त्याला कोणीतरी दामटले असे समजत, आणि त्यावर उपाय म्हणून भोक असलेला गारगोटीचा दगड तबेल्यात टांगत. १६९६ सालच्या ‘मिसेलनीज’मध्ये जॉन ऑब्रीने या चालीची नोंद केली आहे.

म्हणजे क्रम असा लागतो. आधी स्वारीची कल्पना; तीत राक्षसी वर आणि माणूस किंवा जनावर खाली. पुढे नावे उच्चारात एक झाली. त्यानंतर, आणि त्यामुळे, स्वाराचेच नाव वाहनाला लागू पडू लागले. घोडी बाहेरून आली नाही. जी खाली होती ती नावाच्या बळावर वर चढली. ध्वनिसाम्याने घोडा निर्माण केला, हे कोशकारांच्या बाजूचे सोपे मत जसे येथे टिकत नाही, तसे घोडी आरंभापासून मारेशी एकरूप होती, हे जोन्सचे मतही टिकत नाही.

या दृष्टीने हेन्री फ्यूझेली याच्या ‘द नाइटमेअर’ या प्रसिद्ध चित्राकडे पाहावे. १७८१ साली काढलेले हे चित्र १७८२ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीत मांडले गेले. आज ते डेट्रॉइट येथे आहे. पलंगावर अस्ताव्यस्त निजलेली स्त्री, तिच्या उरावर बसलेला ठेंगणा पिशाच्चसदृश जीव आणि मागच्या पडद्यातून आत डोकावणारे घोड्याचे पांढऱ्या डोळ्यांचे मुंडके, एवढी त्यातील मुख्य सामग्री. हा घोडा चित्रकाराच्या भाषिक अज्ञानातून आला, असे अधूनमधून म्हटले जाते. ते संभवनीय वाटत नाही. सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५ सालच्या कोशात उत्तर युरोपच्या पुराणकथांतील ‘मारा’ हे मूळ विल्यम टेम्पलच्या आधाराने दिलेले होते. ही माहिती त्या काळच्या कोणाही सुशिक्षिताला सहज उपलब्ध होती. शिवाय फ्यूझेली झुरिकचा, जर्मन भाषेत वाढलेला. ज्या भाषेत पिशाच्च व घोडी यांची नावे स्वराने वेगळी राहतात ती त्याची मातृभाषा. प्राथमिक खडूच्या रेखाटनात घोडा नाही, तो मागाहून आला, हेही ध्यानात घेतले पाहिजे. परभाषेतील एक शब्द चित्राचे नाव म्हणून वापरताना त्या शब्दातील दुसरा आवाज त्याला ऐकू आला आणि त्याने तो चित्रात घेतला, असा तर्क या गोष्टींवरून करता येतो. त्याने राक्षसीच्या जागी घोडी आणली नाही. उरावर बसणारा उरावरच राहिला. घोडा पडद्याआडून आला. शब्दाचे दोन्ही अर्थ एका चौकटीत आहेत, आणि त्यांपैकी एकाला चूक म्हणून पुसून टाकणारी टीका चित्राला अर्धेच पाहते.

अर्थाचे पुढील संक्रमण थोडक्यात सांगता येईल. १६ व्या शतकापर्यंत ‘नाइटमेअर’ हे जीवाचे नाव न राहता छातीवरील दडपणाच्या अनुभवाचे नाव बनू लागले. १७५३ मध्ये जॉन बाँड या वैद्याने त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. कोणतेही भयानक स्वप्न हा अर्थ १९ व्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाला, आणि त्यापाठोपाठ कोणताही त्रासदायक प्रसंग. गंमत अशी की जो अनुभव मुळात या शब्दाचा, जाग आलेली असताना शरीर न हलणे आणि उरावर कोणी असल्याचा भास होणे, त्याला आज वैद्यक निराळ्या नावाने, ‘स्लीप पॅरालिसिस’ म्हणून ओळखते. ही संज्ञा १९२८ साली किनिअर विल्सन याने योजली. न्यूफाउंडलंडमध्ये त्याच अनुभवाला ‘ओल्ड हॅग’, म्हातारी चेटकीण, म्हणतात, आणि तेथील माहितीवर आधारलेला डेव्हिड हफर्डचा ग्रंथ १९८२ साली निघाला. वस्तू एकीकडे राहिली आणि नाव दुसरीकडे गेले. अलीकडच्या ब्रिटिश बोलीत तर पूर्वपद गाळून नुसते ‘मेअर’ म्हणतात. सहा-सात शतकांनी उत्तरपद पुन्हा एकटे फिरू लागले आहे, पण आता त्याचा अर्थ ना राक्षसी, ना घोडी.

मराठी अनुवादकाला या साऱ्याची झळ लागते ती ‘किंग लीअर’च्या तिसऱ्या अंकातील चौथ्या प्रवेशात. वेडाचे सोंग घेतलेला एडगर एका मंत्रासारखे काही पुटपुटतो. एक संत माळावर फेऱ्या घालतो, त्याला नाइटमेअर आणि तिचे ‘नाइन-फोल्ड’ भेटतात; तो तिला खाली उतरायला लावतो, तिच्याकडून वचन घेतो आणि चेटकीण म्हणून तिला पिटाळतो. नाइटमेअरसाठी मराठीत रूढ असलेला ‘दुःस्वप्न’ हा शब्द येथे चालणार नाही. तो वेदकालापासून आपल्याकडे आहे. ऋग्वेदात दुःस्वप्नाच्या निवारणाची प्रार्थना आहे. पण त्या शब्दात स्वप्न आहे, उरावर बसणारी कोणी नाही. स्वप्नाला खाली उतर असे सांगता येत नाही. शेक्सपिअरच्या ओळीत जी आहे ती उतरू शकते, म्हणजे ती अजून कोणाच्या तरी अंगावर बसलेली आहे; १९ व्या शतकातील अर्थ तिच्यावर लादणे हा कालविपर्यास होईल. छातीवर येऊन बसणाऱ्या भुताची भाषा मराठी बोलण्यात आहेच. अनुवादकाने शब्द तेथून घ्यावा हे बरे.

‘नाइन-फोल्ड’ची अडचण अधिक गहन आहे. १८ व्या शतकातील टीकाकार टिरविट याने यमकासाठी ‘नऊ शिंगरां’चे ‘नाइन-फोल्ड’ झाले असावे असे सुचविले. इतरांनी तो तिच्याबरोबरच्या नऊ पिशाच्चांचा मेळा मानला. टिरविटचे म्हणणे स्वीकारावे तर एकाच मंत्रात नाइटमेअर ही स्वारही ठरते आणि शिंगरे घातलेली घोडीही. काही भाष्यकारांना ही विसंगती वाटते. परंतु शब्दाचा वर दिलेला इतिहास लक्षात घेतला तर १७ व्या शतकाच्या आरंभी ती विसंगती राहत नाही. त्या काळच्या कानाला दोन्ही ‘मेअर’ एकदम ऐकू येत होते. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मधील मॅब राणीच्या वर्णनात रात्री घोड्यांच्या आयाळीचे गुंते करणारी आणि उताण्या निजलेल्या कुमारिकांना दाबणारी ही एकच व्यक्ती आहे, आणि तेथे तर ‘नाइटमेअर’ हा शब्दही आलेला नाही. टिरविटचा पाठ त्यामुळे सिद्ध होत नाही, कारण पिशाच्चांचा मेळाही ओळीत तितकाच बसतो. मात्र ‘मेअर’चा घोडीशी संबंध नाही या कोशातील सूचनेच्या आधारावर तो फेटाळणे रास्त नाही, आणि अनुवादकाला शिंगरे की पिशाच्चे याचा निवाडा ओळीच्या आसपासच्या पुराव्यावरच करावा लागेल.